पत्रास कारण की : परदेशातली दिवेलागण

गेल्या अंकात विचारलं होतं, परदेशात मुलं वाढवताना घरचं काय टिकतं, काय टिकत नाही आणि काय टिकवावं की नाही असा प्रश्न पडतो? पत्रांनी पिशवी भरली असं लिहायची पूर्वी पद्धत होती. आता पिशवी नाही, ईमेलचा डबा आहे. तो भरला. त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत. काही लांब होती, ती कापली, रागावू नये.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख : मी सांगलीची. १९८२ साली लग्न होऊन न्यू जर्सीला गेले, २०१६ साली परत आले. दोन मुलं तिथेच वाढली, तिथेच राहिली. मी मानसशास्त्र शिकलेली नाही. औषधांच्या दुकानात गोळ्या मोजण्यात आयुष्य गेलं. तेव्हा इथे सांगते ते घरात जे जमलं आणि जे फसलं त्यातून आलेलं आहे.

आमची मुलगी सात वर्षांची. दोन-तीन वर्षांची असताना घडाघडा मराठी बोलायची. शाळा सुरू झाली आणि आता मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. मी हट्ट धरला की तोंड मिटून बसते. रविवारी मराठी शाळेत नेते, तर तिथेही मुलं आपसात इंग्रजीच. हिचे बाबा म्हणतात, "समजतंय ना तिला? पुरे." खरंच पुरे आहे का?
— एक आई, एडिसन, न्यू जर्सी

नाही, पुरे नाही. आणि हे मी महागात शिकले.

माझा मुलगा पाच वर्षांचा झाला तेव्हा, म्हणजे १९९० साली, शाळेतल्या बाईंनी आम्हाला बोलावलं. प्रेमळ बाई होत्या. म्हणाल्या, घरी इंग्रजीच बोला, नाहीतर मूल मागे पडेल. तेव्हा हा सल्ला सर्रास दिला जायचा. आणि आम्ही कोण? बाईंनी सांगितलं म्हणजे झालं, असं मानणाऱ्या पिढीतले. त्या संध्याकाळपासून घरात इंग्रजी सुरू. नवरा-बायको दोघंही सांगली छापाचं इंग्रजी बोलतोय, पोरगं आमच्या तोंडाकडे बघतंय. सहा महिन्यांत त्याचं मराठी गेलं. इंग्रजी तर तो शाळेत शिकणारच होता. ते थांबवायची कुणाची बिशाद नव्हती.

धाकटी चार वर्षांनी लहान. तिच्या वेळी माझी आई तीन हिवाळे येऊन राहिली, सहा-सहा महिने. आईला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे धाकटीपुढे दुसरा मार्गच नव्हता. आज ती मराठीत भांडते, मराठीत गणपतीला गाऱ्हाणं घालते. एकाच छपराखाली वाढलेली दोन मुलं.

२००९ मध्ये आई आजारी होती. मुलाचा फोन आला. "आजी, कशी आहेस?" "बरी आहे रे. तू जेवलास?" "हो." एवढंच. त्याच्याकडचे शब्द संपले होते. पण आई फोन ठेवेना, तोही ठेवेना. मिनिटभर दोघं नुसते कानाला फोन लावून बसले होते. मी आईच्या शेजारी उभी होते.

म्हणून तुमच्या यजमानांना सांगा, समजणं हा अर्धाच रस्ता झाला. आजीचं नातीला समजेल, पण नातीचं आजीला काय समजेल?

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारते. तुम्ही दोघं आपसात कुठल्या भाषेत बोलता? पत्रात त्याबद्दल काही नाही, म्हणून शंका आली. अ‍ॅनिक दे हाउवर या भाषाअभ्यासक बाईंनी बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागात १,९००च्या आसपास कुटुंबांची पाहणी केली होती, ती २००७ मध्ये छापून आली. ही सगळी घरं दुभाषी होती. शाळेची भाषा सगळ्याच मुलांना आली. घरची दुसरी भाषा मात्र जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या मुलांच्या तोंडी आलीच नाही. फरक कशाने पडला, तर आईबाप स्वतः घरात ती भाषा किती बोलतात याने. मी हे वाचलं तेव्हा हसू आलं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे सांगायला माझ्या आजीला १,९०० घरं फिरावी लागली नव्हती.

आपल्याकडे होतं असं की "दूध पी", "दात घास", "चपला जागेवर ठेव" हे सगळं मराठीत. आणि घराचा हप्ता, ऑफिसातलं राजकारण, "त्या दोघांचं म्हणे बिनसलंय" हे इंग्रजीत. पोरं खुळी नसतात. त्यांना कळतं की मराठी ही हुकमांची भाषा आहे, महत्त्वाचं सगळं इंग्रजीत चालतं. तेव्हा हप्त्यावरून भांडायचं असेल तर मराठीत भांडा. तुमची मुलगी कान टवकारून ऐकेल.

ती इंग्रजीत बोलली तर "मला कळलं नाही" असं सोंग आणू नका. तिला माहीत आहे तुम्हाला कळतं, मग आई खोटं बोलते एवढंच ती शिकते. ती म्हणाली की तिला खेळायला बाहेर जायचंय, तर "बाहेर जायचंय होय? जा, पण टोपी घाल" म्हणा आणि सोडून द्या. तिचंच वाक्य मराठीत तिच्या कानावर पडलं, काम झालं. दुकानात रांगेत उभं असताना मराठीत गुपितं बोला. मुलांना गुप्त भाषा फार आवडते. ओक ट्री रोडवर, म्हणजे तुमच्याकडच्या देशी बाजारात, मात्र हा प्रयोग करू नका, तिथे पुढची बाई वळून "कुठल्या तुम्ही?" विचारते. आमचं हे झालंय.

मराठी शाळा सोडू नका. बृहन्महाराष्ट्र मंडळ, म्हणजे तिथल्या मराठी मंडळांची मोठी संघटना, १९८१ साली स्थापन झालं, पण माझी मुलं लहान असताना आमच्या आसपास अशी शाळा नव्हती, आम्ही तळघरात चार मुलं गोळा करून बाराखडी घोटून घ्यायचो. आता कितीतरी गावांत शाळा आहेत. मुलं तिथे आपसात इंग्रजी बोलतात, बोलू द्या. दुसऱ्या मुलांच्या आयाही अगदी आपल्या आईसारख्याच ओरडतात, हे तिथे दिसतं. ते व्याकरणापेक्षा मोठं आहे. न्यू जर्सीसह अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत शाळा संपवताना दोन भाषा येणाऱ्या मुलांना 'सील ऑफ बायलिटरसी' नावाची मोहोर मिळते. मराठी चालते का, ते तुमच्या शाळेत विचारून ठेवा. पंधराव्या वर्षी हे आमिष कामाला येतं. सातव्या वर्षी त्याचा काडीइतका उपयोग नाही.

माझा मुलगा चाळिशीत आहे. हल्ली मला आवाजी निरोप पाठवतो, "आई, मी पोळी केला." मी दुरुस्त करत नाही.

मुलं सहा आणि चार वर्षांची. माझी आई फोनवर सारखी विचारते, "दिवेलागणीला शुभंकरोति म्हणता ना?" इथे जूनमध्ये सूर्य मावळतो रात्री दहानंतर, तेव्हा मुलं झोपलेली. डिसेंबरात तीनच्या आधीच मावळतो, तेव्हा मुलं शाळेत. मग म्हणायचं कधी? शिवाय आई उन्हाळ्यात तीन महिने येणार आहे. ती मुलांना लाडाने आणि रागाने, दोन्हीने धपाटे घालते. इथे ते चालत नाही. तिला कसं सांगू?
— एक बाप, स्टॉकहोम

पहिला प्रश्न वाचून मी बराच वेळ हसले आणि मग गप्प झाले. दिवेलागण ही वेळ आहे, असं आपण धरून चालतो. सांगलीत आमच्या घरी दिवेलागण म्हणजे काय होतं? खेळून आलेल्या मुलांनी हातपाय धुणं, आजीने देवापाशी निरांजन लावणं, आईने दिव्याचं बटण दाबून त्या बल्बलाच हात जोडणं. हो, बल्बला. माझी आई वीज गेली आणि परत आली तरी हात जोडायची. सूर्याचं त्यात फारसं काम नव्हतं. बाहेरची माणसं घरात आली, आता दार लागणार, एवढी ती खूण होती.

तुमच्या घरी सगळे एकत्र कधी येतात? साडेपाच, सहा? ती तुमची दिवेलागण. जूनमध्ये लख्ख उजेडात लावा दिवा, समईला त्याचं काही वाटत नाही. आधी "दिव्या दिव्या" शिकवा, शुभंकरोति मागाहून. त्यातला कुंडल-मोतीहार मुलांना ऐकायला गोड लागतो, अर्थ मागून येतो. डिसेंबरात तर तुमचं काम सोपं आहे. त्या महिन्यात तिथे खिडकीखिडकीत दिव्यांचे त्रिकोण लागतात, १३ डिसेंबरला ल्युसियाच्या सणाला मुली डोक्यावर दिवे घेऊन गातात. अंधार पडल्यावर दिवा लावून काहीतरी म्हणायचं, यात तुमच्या मुलांना वेगळं वाटण्याजोगं काही नाही. न्यू जर्सीत मला हे भाग्य नव्हतं. आमच्याकडे उदबत्ती लावली की धुराचा भोंगा वाजायचा आणि आरती अर्ध्यात टाकून नवरा वर्तमानपत्राने वारा घालायचा. माझ्या मुलांच्या आठवणीतली आरती त्या भोंग्यासकट आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. स्वीडनमध्ये घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांना शाळेतर्फे मातृभाषा शिकायची सोय आहे. त्या नगरपालिकेच्या हद्दीत निदान पाच मुलांनी ती भाषा मागितली आणि शिकवणारं योग्य माणूस मिळालं, तर सोय करणं त्यांच्यावर बंधनकारक असतं. घरात रोज ती भाषा बोलली जात असली पाहिजे आणि मुलाला ती थोडीफार येत असली पाहिजे, एवढी अट. पाच मराठी मुलं स्टॉकहोममध्ये शोधणं अवघड नसावं. गणपतीला मोजा.

आता धपाटा. स्वीडनने १९७९ साली मुलांना मारणं कायद्याने बंद केलं, जगात सगळ्यांत आधी. आईबापांनाही ती मुभा नाही, मग आजीला कुठली? हे आईला तुम्हीच सांगायचं. बायकोला पुढे करू नका, तसं केलंत तर पुढची दहा वर्षं "सुनेने मला नातवंडांना हात लावू दिला नाही" हेच ऐकाल. ती निघायच्या आधी, विमानात बसायच्या आधी सांगा. विमानतळावर नको. आणि कायद्याचा धाक घालण्याआधी मनातलं सांगा, "आई, मला तुझे धपाटे आठवतात आणि त्यातले सगळेच गोड आठवत नाहीत." तुम्हाला हे म्हणता येणार नाही असं वाटत असेल, तर कायदा आहेच.

मुलगा-सून मेलबर्नला. नातवंडं दहा आणि आठ वर्षांची. यंदा तीन आठवडे आली होती. आल्या आल्या "हाय आजी" म्हणत गळ्यात पडली. नमस्कार नाही, पाया पडणं नाही. पानात वाढलेलं टाकून उठतात. आमच्या सुनेने मुलांवर काहीच संस्कार केले नाहीत. तिला कसं समजवावं?
— एक आजी, नाशिक

आजी, तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्या असाल, तेव्हा आधी नमस्कार. आता विचारते. मुलगा तुमचा आणि संस्कार सुनेने करायचे? तुमच्या दीड पानी पत्रात मुलाचा उल्लेख एकदाच आहे, विमानाची तिकिटं काढली म्हणून.

रागावू नका. मीही आजी आहे आणि मलाही हा मोह होतो. पण नातवंडांनी पाया पडावं ही शिकवण त्यांच्या आईने दहा हजार किलोमीटरवरून, तुम्ही समोर नसताना, कुणाच्या पायांवर द्यायची? आपण लहानपणी वाकलो, कारण घरात रोज कुणी ना कुणी मोठं येत होतं आणि आई मागून मानेवर हात ठेवून वाकवत होती. त्या मुलांच्या घरी कोण येतं? ती गळ्यात पडली, कारण जिथे वाढतात तिथे माया अशीच दाखवतात. तीन वर्षांनी भेटलेल्या म्हातारीच्या गळ्यात आठ वर्षांचं पोर आपणहून पडतं, हे मला तरी कमी वाटत नाही.

पानात टाकण्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे. त्यावर व्याख्यान नको, वाढायचं पोरांच्या हाती द्या. स्वतः वाढून घेतलेलं संपवायचं, हा नियम मुलांना पटकन पटतो, कारण तो न्यायाचा आहे. मुलाला, सुनेला, आजोबांना, सगळ्यांना तोच नियम.

तुम्हाला खरं काम सांगते ते फोनवरचं. "जेवलीस का, शाळा कशी, अभ्यास करतेस ना" हे तीन प्रश्न संपले की मुलं फोन आईकडे देतात, बरोबर? त्याऐवजी गोष्ट सांगा, आणि ती घरचीच. तुमचे सासरे कोण होते, दुष्काळात काय खाल्लं, तुमच्या यजमानांची पहिली सायकल कशी चोरीला गेली. अर्ध्यात थांबवा. "उरलेलं पुढच्या रविवारी." तुमचे दुपारचे बारा म्हणजे मेलबर्नला साडेचार, त्यांच्या उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात तेव्हा साडेपाच. मुलं जागी असतात, भुकेली असतात, फोन हातात असतो. माझी आई असं एक भूत तीन वर्षं पुरवत होती. त्या भुताचा शेवट आम्हाला कुणालाच कळला नाही. माझी धाकटी अजून त्यावरून हळहळते.

आणि सुनेला "समजवू" नका. एखाद्या फोनवर तिलाच विचारा, तुझ्या माहेरी काय पद्धत होती गं? संस्कार म्हणजे फक्त आपल्या घरचेच, असं आपण सासवा उगाच धरून बसतो.

आमच्याकडे गौरी असतात. सासूबाई सध्या इथेच आहेत. माझी मुलगी बारा वर्षांची, तिला याच वर्षी पाळी सुरू झाली आणि नेमकी गौरीपूजनाला आली. सासूबाईंनी तिला लांब बसायला सांगितलं. तिने मला सगळ्यांसमोर विचारलं, "का?" मला उत्तर देता आलं नाही. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही.
— एक आई, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

तिचा प्रश्न बरोबर होता, आणि तुम्ही गप्प राहिलात हे तिला "लांब बस"पेक्षा जास्त लागलं असणार.

मी स्वतः लांब बसलेली आहे. सांगलीच्या वाड्यात, माजघराच्या दाराबाहेर, वेगळी चटई, वेगळं ताट. "कावळा शिवला" म्हणायचे. पहिल्यांदा मी खरोखर कावळा शोधला होता. परदेशात गेल्यावर ही पद्धत मोडली. मला बंडखोर म्हणवून घ्यायला आवडलं असतं, पण खरं कारण वेगळं आहे. मी लांब बसले असते तर स्वयंपाक कोण करणार? आमच्या ह्यांना तेव्हा चहाही येत नव्हता. पहिल्या महिन्यात नाइलाज म्हणून देवाला नैवेद्य दाखवला. देव काही बोलला नाही. दुसऱ्या महिन्यात नाइलाजही वाटला नाही.

घरातून आलेलं सगळंच पुढे द्यायचं असतं, असं कुणी सांगितलं? घर बदलताना आपण माळ्यावरचं सगळं खोक्यात भरत नाही. पुरणाचं यंत्र घेतो, फुटका रांजण ठेवून येतो. माझं मत विचाराल तर हा रांजण आहे.

मुलीकडे जा आणि सांगा, "तुझं बरोबर होतं, मला तेव्हा बोलायला हवं होतं." आईने मुलीची माफी मागणं आपल्यात फारसं होत नाही. त्याने काही बिघडत नाही. सासूबाईंशी वेगळं बोला, मुलीसमोर नको, आणि त्यांना हरवायला जाऊ नका. त्यांनाही कुणीतरी अकराव्या-बाराव्या वर्षी असंच बसवलेलं आहे. त्यांना तेव्हा कसं वाटलं होतं, एवढंच विचारा. मी माझ्या सासूबाईंना विचारलं होतं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, "थंडी वाजायची."

पुढच्या वर्षी गौरींची पावलं मुलीलाच काढू द्या, दारापासून थेट देव्हाऱ्यापर्यंत. "गौरी आली, कशाच्या पावलांनी आली?" हे विचारायचा मानही तिचाच. त्या दिवशी पाळी असो वा नसो.

(तिथी अडनिड्या वारी आली तर शनिवारी करावं का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नैवेद्य तिथीला दाखवा, वरणभाताचा चालेल. सोळा भाज्या आणि माणसं शनिवारी. गौरी नोकरी करणाऱ्या बायकांना ओळखतात.)

माझं मराठी वाचन कच्चं आहे म्हणून इंग्रजीत लिहितेय. मी सतरा वर्षांची आहे. कुठलीही गोष्ट विचारली की आईबाबा म्हणतात, "आपल्यात असं नसतं." मित्राच्या घरी रात्री राहणं, आपल्यात नसतं. कॉलेजात चित्रकला घेणं, आपल्यात नसतं. हे "आपल्यात" म्हणजे नक्की कोण?
— एक मुलगी, ह्यूस्टन

तुझं पत्र मीच मराठीत आणलं. चुकलं असेल तर कळव.

"आपल्यात" म्हणजे बऱ्याचदा तुझे आईबाबा देश सोडून आले त्या वर्षीचं त्यांचं गाव. ते गाव त्यांनी बॅगेत भरून आणलं आणि फडताळात ठेवलं. मूळ गाव मात्र तिथे थांबलेलं नाही. मी २०१६ साली सांगलीला परतले, तेव्हा मला माझ्याच भाच्या हसत होत्या, "मावशी, आता असं कुणी करत नाही!" चौतीस वर्षं मी माझ्या मुलांना ज्या सांगलीच्या नावाने दटावलं, ती सांगली केव्हाच उठून गेली होती.

तरी सगळं "आपल्यात" एकाच मापाने फेकू नकोस. घरी आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत, हेही "आपल्यात"च. कुणाच्या घरी माणूस गेलं तर न बोलावता जायचं, हेही. आमच्या शेजारची अमेरिकन बाई मला एकदा म्हणाली होती, माझा नवरा गेला तेव्हा तू डबा घेऊन आलीस, काही विचारलं नाहीस. मला विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

म्हणून एकेक गोष्ट सुटी करून विचार. रात्री राहण्याचा प्रश्न बहुधा भीतीचा आहे, तो पत्ता, फोन आणि त्या मुलाच्या आईची ओळख यांनी थोडा सुटतो. थोडाच, हे आधीच सांगते. चित्रकलेचा प्रश्न पैशाचा आहे, त्याला "आपल्यात"चं नाव दिलंय. बाबांना विचार, ते अमेरिकेला निघाले तेव्हा आजोबा काय म्हणाले होते. मी पैज लावते, कुणीतरी म्हणालं असेलच, आपल्यात असं घर सोडून कुणी जात नाही.

आमच्या इमारतीच्या सोसायटीचा नियम आहे, गॅलरीत काहीही टांगायचं नाही. गुढी कुठे उभारायची? कडुलिंबही मिळत नाही.
— एक दांपत्य, शिकागो

आतून, रस्त्याकडच्या खिडकीला. काठी तांदळाने भरलेल्या बादलीत रोवा, वरून पडद्याच्या दांडीला बांधा. तांब्या छोटा घ्या, मोठा असला तर काठी कलते आणि दिवसभर तिच्यावरच लक्ष ठेवावं लागतं. कडुलिंबाची वाळलेली पूड भारतीय दुकानात मिळाली तर गुळात, ओव्यात कालवून चिमूटभर द्या. मुलांना वेडंवाकडं तोंड करायला निमित्त हवंच असतं. नाही मिळाली तर राहू द्या. गाठी मिळाली नाही तर बत्ताशांची माळ ओवा.

काठीचं म्हणाल, तर आमच्याकडे पहिल्या वर्षी बर्फ ढकलायच्या फावड्याचा दांडा होता. जरीचं खणाचं कापड, तांब्या, हार, सगळं यथासांग केलं होतं. दुपारी बर्फ पडायला लागला आणि हे ऑफिसातून फोनवर विचारत होते, "फावडं कुठे आहे?"